तुमची आवड, माझी तज्ज्ञता

अक्का, तुम्ही गेलात त्याला आज तेवीस दिवस झाले. शोकसभेत बोलले, चारचौघांत रडलेसुद्धा, तेराव्याला तुमच्याकडं येऊन जेवून गेले. तरी मी तुमच्यावर चिडलेली आहे. सकाळी अंगणात सडा टाकता टाकता असं कोणी जातं का? निदान आठ दिवस आजारी तरी पडायचं. मी दवाखान्यात डबा घेऊन आले असते, उशाशी बसून जे बोलायचं होतं ते एकदाचं बोलून टाकलं असतं. तेवढी सवलत तुम्ही दिली नाहीत. परीक्षेतसुद्धा तुम्ही कुणाला पाच मिनिटं जास्त देत नव्हता म्हणा.

शोकसभेत मी काय बोलले ते ऐकलं असतं तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असता. "मॅडमचं अपुरं राहिलेलं काम आपण सगळे मिळून पुढं नेऊ." शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर वाजल्याच असत्या. मी खाली बसले. समोर वैशाली बसली होती. सास्तूरची वैशाली, तुमची पीएचडीची विद्यार्थिनी, लेकराला सासूकडं ठेवून आलेली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. संगणकावर आपल्या व्यवस्थापन विभागाचं पान उघडलेलं होतं. ते पान तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक शिक्षकाचा फोटो, त्याखाली दोन रकाने, एक संशोधनाच्या आवडीचा आणि एक तज्ज्ञतेचा.

"वैशालीचा प्रबंध आता तुम्ही बघायचा," सर म्हणाले. "समितीपुढं सादरीकरण महिन्यावर आलंय."

"सर, तो अक्कांचा विषय आहे."

"त्यांची तर नुसती आवड होती मॅडम. तुमची तज्ज्ञता आहे. इथं लिहिलंय की."

अक्का, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी "बरं सर" म्हणाले आणि बाहेर आले.

ते कसं लिहिलं गेलं हे आपल्या दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. चार वर्षांपूर्वी बाहेरची समिती विभाग बघायला येणार होती, आणि ऑफिसनं सगळ्यांच्या मागं तगादा लावला होता की रकाने भरा, रिकामे दिसले तर विभागाचे गुण जातात. माझ्याकडं भरायला काय होतं? बँकेतल्या कर्मचाऱ्यांच्या समाधानावर पीएचडी केली, ती बढतीसाठी. प्रश्नावल्या वाटल्या, गोळा केल्या, कर्मचारी समाधानी आहेत असा निष्कर्ष काढला आणि सुटले. तो जाडजूड प्रबंध आमच्या घरी टीव्हीखाली आहे, टीव्ही जरा उंचावर यावा म्हणून. त्या दुपारी मी तुमचं पान उघडलं. आवडीच्या रकान्यात तुम्ही लिहिलं होतं, "लेखी नियमांशिवाय चालणाऱ्या रांगा: लोहारा-सास्तूर मार्गावरची वडाप." मी ती ओळ उचलली, शेवटचे दोन-चार शब्द बदलले आणि माझ्या तज्ज्ञतेच्या रकान्यात नेऊन ठेवली. तुमच्या तज्ज्ञतेच्या रकान्यात एकच शब्द होता, विपणन. वर्गात शिकवत होता तेवढाच. ज्या गोष्टीला तुम्ही अकरा वर्षं जाऊन येऊन नुसती आवड म्हणत होता, तिला मी एका दुपारी, चहा संपायच्या आत, तज्ज्ञता म्हणून मोकळी झाले.

तुम्हाला ते आठवड्याभरात दिसलं. तुम्ही स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन बसलात, शेंगदाण्याचा लाडू पुढं केला आणि हळूच म्हणालात, "का गं मंगल, लोहाऱ्याला कधी गेली होतीस?"

मी काय काय बोलले त्या दिवशी! सगळेच लिहितात अक्का. कोण खरं लिहितं? इथं पेपर तपासायचे, प्रवेशाचे फॉर्म बघायचे, निवडणुकीची ड्युटी करायची, घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या, त्यात तज्ज्ञ कधी व्हायचं? पोटासाठी लिहावं लागतं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "लिहिलंस तर लिहिलंस. आता खरं कर. येत्या शुक्रवारी चल माझ्यासंगं."

खोडून टाक म्हणाला असता तर किती सोपं होतं. मी रडले असते, खोडलं असतं, विषय संपला असता. पण तुम्ही खोडायला सांगितलंच नाही. ते मला त्या दिवशी मोठेपणाचं वाटलं. नंतर नंतर त्याचा जाच व्हायला लागला, हे आज स्पष्टच सांगते.

कारण तुम्ही विसरायला तयार नव्हता. महिना-दोन महिन्यांनी एकदा विचारायचाच. "येतीस का शुक्रवारी?" माझी कारणं तयार असायची. ऊन लई आहे, ऋतुजाची बारावी आहे, तेरला माहेरी जायचंय, आईचं दुखणं आहे. आई बिचारी ठणठणीत होती. तिच्या दुखण्याच्या मी इतक्या थापा मारल्या की ती खरंच आजारी पडली तेव्हा मला भीती वाटली.

तुम्ही मात्र परत आलात की सगळं सांगायचा. लोहाऱ्याच्या स्टँडवर वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या, तीस-चाळीस जिपा, एकाच्या हातात वही नाही, पावती नाही, भिंतीवर पाटी नाही, आणि तरी कुणाचा नंबर कधी लागणार यावरून मारामारी होत नाही. चहाच्या हॉटेलापाशी एक म्हातारे मामू बसतात. आधी ड्रायव्हर होते, आता गुडघ्यानं बसले. सगळे नंबर त्यांच्या डोक्यात. "अगं, आपल्या सात शिक्षकांचं वेळापत्रक आपल्याला भांडणाशिवाय लावता येत न्हाय," असं म्हणून तुम्ही टेबलावर थाप मारायचा. मी हसायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, आता ह्यांनी पुन्हा शुक्रवारचं विचारू नये.

आपला तो एक वाद तर अर्धाच राहिला. तुमचं म्हणणं, आवड आणि तज्ज्ञता एका गोष्टीची एका वेळी असूच शकत नाही. कळलं की आवड संपते. मी म्हणायचे, असं कसं, स्वयंपाक येतो म्हणून काय चव लागायची थांबते? तुम्ही म्हणालात, "ह्याचं उत्तर देते तुला, जरा थांब." थांबले आहे मी अक्का. अजून थांबलेय.

आणि आता ते सांगते, जे तुम्हाला माहीत होतं असं मला वाटतं, पण दोघी कधी बोललो नाही. दोन महिन्यांपूर्वी शुक्रवारी सकाळीच तुम्ही आमच्या दारात आलात. पाण्याची बाटली, छत्री, पिशवीत डबा. मी खिडकीतून बघितलं. मी आतल्या खोलीत गेले आणि ऋतुजाला म्हणाले, "सांग, आई घरी नाही."

पोरीनं सांगितलं. तुम्ही उंबऱ्यापाशी उभ्या होता. माझ्या चपला तिथंच होत्या, तुमच्या पायापाशी, आणि मला घरात दुसऱ्या चपला नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण त्या आपण दोघींनी मिळून घेतल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "बरं. तिला म्हणावं, उन्हाचं पाणी पीत जा." आणि गेलात.

ऋतुजा आत आली आणि म्हणाली, "आई, तू असं का केलंस?" मी तिच्यावरच ओरडले. त्यानंतर तुम्ही मला शुक्रवारचं कधीच विचारलं नाही. स्टाफरूममध्ये पूर्वीसारखंच बोललात, लाडू दिलात, माझ्या वर्गाची वेळ बदलून दिलीत. मी रोज ठरवायचे, आज बोलू. आज नको, त्या गडबडीत आहेत. आज नको, सर बसलेत. असे दोन महिने गेले, आणि मग तुम्ही सडा टाकायला अंगणात गेलात.

वैशाली तुमच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी प्रकरण घेऊन माझ्याकडं आली. तुम्ही वाचलेलं शेवटचं प्रकरण. एका परिच्छेदाच्या कडेला तुम्ही पेन्सिलीनं वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारलेली, आणि शेजारी एक प्रश्नचिन्ह. बस्स, तेवढंच.

"मॅडम, अक्का मॅडमनी ही खूण केली आणि म्हणाल्या, सोमवारी बोलू. तो सोमवार आलाच नाही. काय चुकलंय इथं?"

परिच्छेदात लिहिलं होतं की स्टँडवरच्या एखाद्या ड्रायव्हरच्या घरी मयत झाली किंवा दुखणं आलं, तर रांगेतला त्याचा नंबर जात नाही. त्याचा नंबर आला की मागचा गाडीवाला त्याच्या नावानं फेरी मारतो आणि फेरीचं जे होईल ते त्याच्या घरी पोचतं करतो. वैशालीनं पुढं लिहिलं होतं, "ही ड्रायव्हरांची माणुसकी आहे."

अक्का, मला काही कळलं नाही. "मला माहीत नाही" असं म्हणायला तीन शब्द लागतात. मी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "हा भाग भावनिक झालाय. शास्त्रीय बसत नाही. काढून टाक सगळा."

तिनं विचारलं, "सगळा?"

"सगळा."

"बरं मॅडम," म्हणाली आणि गेली. माझा आवाज काय ठाम होता म्हणून सांगू! मलाच खरं वाटलं. ती फाटकाबाहेर गेली, पण ती रेघ डोळ्यापुढून हलेना. चुकलेलं असतं तर तुम्ही सरळ फुली मारली असती. फुली मारायला तुम्ही कधी लाजला नाहीत. मग प्रश्नचिन्ह कशाला?

शेवटी गेल्या शुक्रवारी मी एकटीच लोहाऱ्याला गेले. एसटीत खिडकीशी बसून रडले, शेजारच्या बाईनं न विचारता केळं दिलं. स्टँडवर उतरले तर सगळं तुम्ही सांगत होता तसंच. जिपा, धूळ, "सास्तूर, सास्तूर, सास्तूर" असा ओरडा, आणि हॉटेलापाशी बाकड्यावर पांढऱ्या दाढीचे मामू, गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं. मी नमस्कार केला. काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमी मंगलबाई का?"

मी मान डोलावली.

"प्रोफेसरबाई म्हनायच्या, आमची एक मैतरीण यायची हाय. तीन-चार साल झाले, म्हनतच व्हत्या. लई येळ लावला बाई तुमी." मग गुडघ्यावरचं फडकं नीट करत म्हणाले, "लई गुणी बाई. अल्ला की मर्जी."

तुम्ही माझं नाव तिथं सांगून ठेवलं होतं, अक्का. मी आतल्या खोलीत लपले त्या दिवशीसुद्धा तुम्ही तिथं जाऊन "येणार आहे" असंच म्हणाला असाल. हे मला कोणत्या तोंडानं सोसायचं?

मी मामूंना त्या नंबराबद्दल विचारलं. माणसाच्या घरी दुःख झालं की तुम्ही त्याचा नंबर राखता, ही केवढी माणुसकी, असं मीही वैशालीसारखंच म्हणाले. मामूंनी कानाला हात लावला.

"माणुसकी कसली बाई? त्यो परत यायला पायजे ना! एक जीप तुटली की येळ तुटती. येळ तुटली की मानसं म्हनतेत, वडापचा भरवसा न्हाय, येष्टी बघू. मग आमी समदेच घरी बसलो. नंबर त्याचा न्हाय राखत, रांगेचा राखतो."

"आणि तो परत आला की आभार मानतो?"

"न्हाय न्हाय, आभार मानायचे न्हाईत. कुनी मानाया लागला तर आमी वरडतो त्याच्यावर. आभार मानले की उपकार झाला. उपकार झाला की त्यो मान खाली घालून उभा ऱ्हातो. आन् मान खाली घातलेल्या मानसासंगं धंदा व्हईत न्हाय. यायचं, गाडी लावायची, चहा प्यायचा. संपलं."

तेव्हा कुठं मला तुमचं प्रश्नचिन्ह कळलं. परिच्छेद बरोबर होता, नुसता बरोबर नाही, सगळ्या प्रबंधाचा जीव तोच होता. चुकला होता तो फक्त माणुसकी हा शब्द. तुम्हाला तिला एवढंच विचारायचं होतं, हे तुला मामूंनी सांगितलं का, की तूच ठरवलंस? आणि मी तो जीवच काढून टाकायला सांगितला. माझ्या एका रकान्यापायी त्या पोरीची चार वर्षं मातीत गेली असती. समितीपुढं कुणीतरी पहिला प्रश्न हाच विचारला असता की ही रांग मोडत का नाही, आणि तिच्याजवळ उत्तरच राहिलं नसतं.

मामूंनी मला चहा पाजला. मी आभार मानायला तोंड उघडलं आणि मिटलं.

सोमवारी सरांना जाऊन सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वीपासून. सरांनी दार लावून घेतलं, पंखा वाढवला. "मॅडम, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं आपण समजू," म्हणाले. "तुम्ही मार्गदर्शक व्हायला नाही म्हणालात तर तिला दुसऱ्या शहरात कुणीतरी शोधावा लागेल. नवी परवानगी, नवे कागद. तिचं वर्ष जाईल, कदाचित नोंदणीच जाईल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून तिचं वाटोळं करायचं का?"

मला ते बोलणं लागलं. माणूस व्यवहारी आहे, पण त्या दिवशी खोटं बोलला नाही. खरं सांगून मोकळं व्हायचं होतं ते मला, आणि त्याचा भुर्दंड बसणार होता तिला. न सांगता सही करावी, तर ती समितीपुढं माझ्या भरवशावर उभी राहणार, आणि माझा भरवसा काय ते मी बघून आले होते. मंगळवारी मला जेवण गेलं नाही. तुमच्याशी मनात भांडत राहिले. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? "चल शुक्रवारी," एवढंच म्हणाला असता. त्याचा आता उपयोग नव्हता.

काल मी वैशालीला बोलावलं. ती आली, वही काढून बसली. मी म्हणाले, "वही ठेव. आधी ऐक." आणि सांगितलं. तो रकाना, ती चोरलेली ओळ, तुमची बोलावणी, दारातल्या चपला, सगळं. तो परिच्छेद काढायला सांगितला तो काही एक न समजता सांगितला, हेही सांगितलं. मामू काय म्हणाले तेही. "तू तो भाग परत घाल," मी म्हणाले. "जशाच्या तसा. फक्त माणुसकी काढ."

ती म्हणाली, "मी तो काढलाच नव्हता मॅडम."

"म्हणजे? तू तर बरं म्हणालीस."

"म्हणाले. पण अक्का मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की जो माणूस तिथं गेला न्हाय त्याच्या सांगण्यावरून एक वळसुद्धा खोडायची न्हाय. मग तो कितीबी मोठा असू दे."

"मी गेले नव्हते हे तुला कसं कळलं?"

"लोहाऱ्याला जाऊन आलेलं कुणीबी आधी इचारतं, मामूचा गुडघा कसाय. तुमी एकदाबी इचारलं न्हाय."

अक्का, रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही, आणि माफही केलं नाही. तुमच्यासारखं तिनं काही पोटात घातलं नाही. शोकसभेत तिनं जसं बघितलं होतं तसंच ती बघत होती, आणि आता मला कळत होतं की तेव्हापासून तिला माहीत होतं.

"हे बघ," मी म्हणाले, "तुला दुसरं कुणी हवं असेल तर मी स्वतः धावाधाव करते. कागद मी करते, दुसऱ्या विद्यापीठात मी जाते, पाया पडायची वेळ आली तर पडते. मनात धरू नकोस. स्पष्ट सांग."

ती म्हणाली, "दुसरं हाय कोण मॅडम?"

यात कौतुक नव्हतं. तुमच्यानंतर या जिल्ह्यात तिला वाचणारं माणूस उरलं नव्हतं आणि उरली होती ती मी, एवढंच त्या पोरीला म्हणायचं होतं. मी मान खाली घातली होती ती वर केली. खुर्ची तिच्या बाजूला ओढली आणि म्हणाले, "पहिल्या पानापासून वाच. मोठ्यानं."

ती वाचायला लागली. आणि अक्का, पहिल्याच पानावर मला तिला तीनदा थांबवून विचारावं लागलं.